काजळवाडीची चोवीस लेकरं

सोमवार, ६ जानेवारी १९४१

आज सकाळी सरकारने माझ्या दारावर हल्ला केला. हत्यार काथ्याची कुंचली, दारूगोळा डांबराचा. मी आत संध्येला बसलो होतो. बाहेर येऊन बघतो तो चौकटीवरच्या गणपतीच्या कानाला खेटून ४७ हा आकडा. तोही सरळ नाही. चार ताठ उभा, सात मात्र पंगतीत चार जिलब्या जास्त झाल्यासारखा कललेला. रंगवणाऱ्या शिपायाला मी विचारलं, "बाबा रे, हा सात असा का?" तो म्हणाला, "पंत, घर मोजलं की झालं. आकड्याची काय वरात काढायचीय?"

बारा वर्षं पाठशाळेत बसून ज्याने शुद्धतेचा ध्यास घेतला त्याच्या दारावर हा आकडा! निषेधाचे चार परिच्छेद मनात तयार केले. सोलापूरच्या ज्या साप्ताहिकाचा मी धाराशिवचा बातमीदार आहे, ते हे छापणार नाही, म्हणून मनातच ठेवले.

दुपारी तहसिलीतून लखोटा. यंदा मर्दुमशुमारी आहे, म्हणजे राज्यातलं एकूण एक माणूस मोजायचं आहे. काजळवाडी आणि तिच्या दोन वस्त्यांच्या मोजणीवर देखरेख करायला 'इज्जतदार व लिहिता-वाचता इसम' म्हणून सरकारने मला निवडलं आहे. पगार नाही. नकाराची सोयही नाही. आमच्या सौ. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता लोकांच्या दारांवर त्या सातचा सूड घ्या."

माझ्या घराचा कागद मीच नमुन्यादाखल भरला. माणसं दोन. अपत्ये एक, सोलापुरास शिकावयास. अक्षर उत्तम आलं आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

हाताखाली दोन जण दिले आहेत. जाफर इथल्याच रफूगाराचा मुलगा, हैदराबादेहून नुकताच बी.ए. होऊन आलेला. आकडा दिसला की त्याचे डोळे असे चमकतात, जसे इतरांचे शिरा दिसल्यावर. दुसरी जगदेवी, कन्याशाळेतली मास्तरीण, उमरग्याची. वय बावीस, रागावली की कानडी.

जाफरने येताच खिशातून पत्र काढलं. त्याच्या हैदराबादच्या प्रोफेसरांचं. आपापल्या मुलखात मोजणी करून जे दोन तरुण काही नवं शोधून दाखवतील, त्यांना दोन वर्षं वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, देऊन माणसांच्या गणिताचं शास्त्र शिकवायचं आहे. अट एकच. मोजणी स्वच्छ होती, असा देखरेख करणाराचा दाखला आणि त्यावर तहसीलदारांची सही.

"आणि नवं काय शोधणार?" मी विचारलं.

"पंतजी, यंदा कागदात एक नवा सवाल आहे. लग्न झालेल्या बाईला लेकरं किती झाली आणि हयात किती. झालेली सगळे सांगतात. गेलेली कुणीच सांगत न्हाय. मला ती काढायचीत."

"काढाल बरं," जगदेवी म्हणाली. "परक्या बाप्याला माजघरात कोण घेणार? मला घेतील. जाफरभाई, गणित तुमचं, माजघर माझं."

वीस वर्षं बातम्या पाठवतोय मी. चोरी, पटकी, अधिकाऱ्यांच्या बदल्या. माणसं किती मरतात हे मी नेहमी 'अनेक' या एका शब्दात लिहीत आलो. ही दोघं गेल्यावर तो शब्द जरा आळशी वाटला.

गुरुवार, १६ जानेवारी

मारुतीच्या पारावर दोघांची शिकवणी घेतली. नियम दिला: जे सांगतील ते लिहा, आपला तर्क लढवू नका, आणि कागद स्वच्छ ठेवा. जगदेवीने विचारलं, "आणि सांगितलेलं पटलं न्हाई तर?" मी म्हटलं, "तुला पटावं म्हणून सरकार माणसं मोजत नाही." जाफर हसला. ती हसली नाही.

मी चांगला शिकवतो. हे कुणी म्हणत नाही म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

बुधवार, २२ जानेवारी

संक्रांतीपासून आमच्या घरात स्वयंपाक वेळेवर नाही. लक्ष्मीबाई जगदेवीला घेऊन काजळवाडीला हळदीकुंकवाला जातात, एक दिवसाआड. बैलगाडीने दोन कोस! या वयात बायकांना मिरवायची एवढी हौस असते, हे मला माहीत नव्हतं.

जगदेवी सांगत होती, आधी तिने एकटीने विचारून पाहिलं तर बायका उठून चुलीकडे गेल्या. गेलेल्या लेकराचं नाव घेतलं की असलेल्यावर बालंट येतं म्हणे. "पण काकू आल्या की बोलतात."

"काकू काय करतात?"

"आधी काकू स्वतः बोलतात," ती म्हणाली.

तिची वही चाळली. पहिल्याच ओळीत घराचं नाव नाही, नुसतं 'झाली चार, हयात एक.' मी म्हटलं, "हे कुणाचं घर? नावाशिवाय नोंद म्हणजे मुंडक्याशिवाय धड." तिने लक्ष्मीबाईंकडे पाहिलं. लक्ष्मीबाई फुंकणी घेऊन आत गेल्या. चूल तर पेटलेलीच होती. मी पान उलटलं. पुढच्या नोंदी व्यवस्थित आहेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मोहरम. काजळवाडीत सवारी बघायला गेलो. लिंगायतांची, मराठ्यांची पोरं हिरवे कपडे घालून फकीर झालेली. खातूनबी नावाची म्हातारी विधवा, काकणं विकते, एकेकाच्या मनगटाला हिरवा दोरा बांधीत होती. विठाबाई नावाची एक कुणबीण आपल्या पाच वर्षांच्या कोंडिबाला पुढं ढकलून म्हणाली, "जा, तुज्या आईपाशी जा." खातूनबी म्हणाली, "आला का माजा हलकट!" आणि त्याला मांडीवर घेऊन गूळ चारला. गोड दृश्य. आमच्या खेड्यांतला हा शेजारधर्म यावर साप्ताहिकाला अर्धा रकाना पाठवीन म्हणतो.

सोमवार, ३ मार्च

मोजणी झाली! जाफरने मुसलमानांची गल्ली केली, जगदेवीने बाकीचं गाव. एकही घर सुटलं नाही. मी सगळे कागद स्वच्छ करून नकलून काढले. जाफरला समासात लिहायची वाईट खोड आहे. एका ठिकाणी त्याने बारीक अक्षरात 'शंका' असं लिहिलं होतं. ते मी खरवडून काढलं. सरकारी कागदाला शंका शोभत नाही.

त्या घरात अठरा माणसं आहेत. खातूनबीचंच ते. घरधनीण आणि सतरा मुलं. हल्लीच्या काळात एवढं भरलेलं कुटुंब! मनातल्या मनात तिचं कौतुक केलं.

बुधवार, १२ मार्च

उद्या होळी, पण आग आजच लागली.

तहसीलदारांनी बोलावलं. जानेवारीत घरांना आकडे टाकताना पाटलाने सांगितलेली माणसं अकराशे चाळीस. आमच्या कागदांवर अकराशे चौसष्ट. दोन महिन्यांत चोवीस जास्त, आणि चोवीसही पोरं. वर दोन निनावी अर्ज. एकात लिहिलंय, जाफरने मुसलमानांचा आकडा फुगवायला सतरा पोरं घुसडली. दुसऱ्यात लिहिलंय, जगदेवीने हिंदूंचा आकडा फुगवायला सात घुसडली. दोन्ही अर्जांचं अक्षर एकच. तहसिलीच्या पायरीवर बसणारा अर्जनवीस गरीब आहे बिचारा, ज्याने सांगितलं त्याचं लिहितो.

तहसीलदार सभ्य माणूस. मराठी समजतात, बोलतात मोडकी. म्हणाले, "पंत, हल्ली इस आकड्यावरून लोक एकमेकांचे गळे पकडतात. दोघांवर इल्जाम है. मंगळवारपर्यंत हिसाब बसला नाही तर दोघांचे नाव वर कळवावे लागेल. मग ना वजीफा, ना नोकरी."

घरी येऊन दोघांना सांगितलं. जाफर खाली बसला. म्हणाला, "पंतजी, मी समासात लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतंस?"

"शंका."

खरवडायची सुरी मी उचलून फडताळात ठेवली.

शुक्रवार, १४ मार्च

तिघे काजळवाडीला गेलो. लक्ष्मीबाई न सांगता गाडीत येऊन बसल्या. चौघे.

खातूनबी ओट्यावर काकणांचे तोडे लावीत होती. जाफरने विचारलं, "खालाजान, ही सतरा पोरं कुणाची?"

"माजी."

"तुमच्या पोटची?"

"पोटची कशाला? इकत घेतल्यात!"

मग तिने जे सांगितलं ते मी पन्नास वर्षं या मुलखात राहून ऐकलेलं होतं आणि कधी लक्षात घेतलं नव्हतं. एखाद्या बाईची लेकरं राहत नसली, एकामागून एक गेली, की पुढचं झालेलं ती सुपात घालून दाराबाहेर ठेवते आणि दुसरीला विकते. किंमत ओंजळभर कोंडा. म्हणून पोराचं नाव कोंडिबा. विकत घेणारी ते परत आईच्याच ओटीत घालते, "सांभाळ माझं लेकरू" म्हणून. त्या दिवसापासून आईने त्याला आपलं म्हणायचं नाही. ज्याला आपलं म्हटलं ते गेलं, म्हणून. खातूनबीने आयुष्यभर घरोघर काकणं भरली, तिचा हात लागलेली लेकरं जगतात असा गावाचा विश्वास. सतरा विकत घेतली, सतराही जिवंत.

"मग मोजायला आले तवा काय म्हनू? माजी न्हाईत म्हनू? म्हनले आन् एखांदं गेलं तर?" ती म्हणाली. "म्या खोटं न्हाय बोलले पंत."

आणि घरोघर बापांना विचारलं तेव्हा त्यांनी आपल्या पोरांची नावं सरळ दिली होती. म्हणून तीच पोरं दोन घरांत. उरलेली सात उलटी. ताहेराबीची पहिली तीन गेली, म्हणून तिचा गफार तिने विठाबाईला विकला. विठाबाईने जगदेवीला आपल्या घरात गफारचं नाव सांगितलं होतं, आणि जगदेवीने, पटलं नाही तरी, माझा नियम पाळून लिहिलं होतं.

मी म्हटलं, "विठाबाई, तुझा कोंडिबा तू विकलास आणि गफार विकत घेतलास?"

"मंग? माजं माज्या हातानं टिकंना. दुसऱ्याचं टिकतंय," ती म्हणाली.

परतताना गाडीने गाव सोडलं. मग जगदेवी एकदम ताठ बसली. "जाफरभाई. विकलेलं प्रत्येक लेकरू म्हंजे त्याच्या आधी गेलेली लेकरं. गेलेल्यांचं बायका बोलत न्हाईत. पण हे कितव्याला विकलं, ते अभिमानानं सांगतात."

जाफर तिच्याकडे बघतच राहिला. "पंतजी," तो म्हणाला, "ही गलती न्हाय. हा तर दरवाजा आहे."

शहर येईपर्यंत दोघं भांडत होती, वही एकमेकांच्या हातातून ओढीत. "ओ अण्णा, तिसऱ्याला विकलं म्हंजे आधीची दोन, तीन न्हवे!" "बाई, मी बी.ए. आहे!" "म्हनूनच चुकताव!" मी आणि लक्ष्मीबाई मागे बसून ऐकत होतो. कित्येक वर्षांत आम्ही दोघं एका गोष्टीवर एकदम हसलो नव्हतो.

सोमवार, १७ मार्च

तीन दिवस दोघं पुन्हा गावात. चोवीस घरं. चोवीस लेकरांच्या आधी गेलेली एकसष्ट. ह्याच चोवीस आयांनी मोजणीच्या कागदावर सांगितलेली फक्त नऊ.

एकसष्ट आणि नऊ. मधली बावन्न इतकी वर्षं कुठे होती? मी आज तो आकडा स्वच्छ अक्षरात नकलायला घेतला आणि अक्षर बिघडलं.

उद्याच्यासाठी मी माझा जबाब लिहून ठेवला आहे: शंका जाफरने नोंदवली होती, ती पुसली मी. जगदेवीने विचारलं होतं, उडवून लावलं मी. लक्ष्मीबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "पहिल्यांदा काहीतरी खरं लिहिलंत." वीस वर्षांच्या बातमीदाराला हा दाखला!

मंगळवार, १८ मार्च

कचेरीत गर्दी. अर्ज लिहवून घेणारेही कोपऱ्यात होते, दोन कोपऱ्यांत. खातूनबीला पाटलाने गाडीतून आणलं, काकणांची पेटी तिने सोडली नाही.

मी जबाब दिला. तहसीलदार म्हणाले, "पंत, आपकी ईमानदारी ठीक. लेकिन आकडा? ही पोरं एका घरात लिहायला हवीत. कुठल्या?" आणि खातूनबीला विचारलं, "सतरा बच्चे तेरे हैं या नहीं? हो या नाही बोल."

तिने पेटी पोटाशी धरली. हो म्हटलं तर जाफर-जगदेवीवर आळ. नाही म्हटलं तर तिच्या लेखी सतरा जीव धोक्यात. विठाबाई मागेच उभी होती. कचेरीत कुणीतरी म्हणालं, "खोटारडी आहे ती." जाफरने मान खाली घातली. मला वाटलं, गेलं सगळं.

जगदेवी पुढं आली. पदर खोचलेला, आवाज वर्गातला. "हुजूर, मी विचारू का? वेगळं विचारते." तहसीलदारांनी हात केला.

"खातूनबी, मोजणीच्या दिवशी राती तुमच्या घरात गोधड्या किती अंथरल्या?"

खातूनबीने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "येक."

"विठाबाई, तुमच्या घरात?"

"चार," विठाबाई म्हणाली. "आमच्या दोगांच्या दोन, कोंडिबाच्या आजीची येक, आन् कोंडिबा… खातूनबीच्या लेकराची येक."

"आणि ताहेराबीच्या घरात गफारची?"

"तितंच पडतंय त्ये," विठाबाई म्हणाली.

जगदेवी वळली. "हुजूर, कुणाचं लेकरू हे विचारायचं न्हाई. कुठं निजतं, ते विचारायचं. सरकारला तेवढंच पायजे."

तहसीलदारांनी टाक खाली ठेवला. मग उर्दूत आपल्या कारकुनाला, पेशकाराला, म्हणाले ते मी जसंच्या तसं उतरवतो आहे: "हमारे दफ्तर में बीस साल से ये सवाल किसी को नहीं सूझा."

मला माझ्या आयुष्यात दोनदा खरा अभिमान वाटला आहे. पहिल्यांदा कशाने ते आता आठवत नाही, इतका हा दुसरा मोठा होता. ही माझी शिष्या! जे मी शिकवलं त्याच्या नेमकं उलट करून जिंकली.

एकेक करून चोवीसही लेकरांच्या गोधड्या आपापल्या घरी लागल्या, अकराशे चाळीस जुळले. पेशकाराने लाल शाईने जादा नावांवर रेघा मारल्या. खातूनबीच्या कागदावरच्या रेघा चालल्या तोवर ती पेटी घेऊन मेजापाशीच उभी. मी म्हटलं, "बाई, झालं तुमचं. घरी जा." म्हणाली, "सतरा व्हत्यात का बघत व्हते." मग विचारलं, "पंत, काट मारल्यानं लेकरांना काय व्हतंय का?"

"छे! कागदापुरतं आहे ते," मी म्हटलं.

दाखल्यावर सही झाली.

शनिवार, २९ मार्च

दोघांचा निबंध पूर्ण. जाफरने आदराने पहिल्या पानावर सर्वांत वर माझं नाव घातलं होतं. मी लाल शाई मागवून ते कापलं. तो वाद घालू लागला. मी म्हटलं, "शंका पुसणाऱ्याचं नाव वर, आणि ज्यांना शंका आली त्यांची खाली? हे कुठल्या शास्त्रात बसतं?" मग दोघांत आणखी एक वाद: कुणाचं नाव आधी. जाफर म्हणतो बाईंचं. जगदेवी म्हणते जाफरभाईंचं. अशी भांडणं आमच्या पाठशाळेत कधीच झाली नाहीत. तिथे सगळ्यांना आपलं आधी हवं असे. शेवटी लक्ष्मीबाईंनी निकाल दिला: जगदेवीचं आधी, कारण ती दाराच्या आत गेली होती.

मंगळवार, २२ एप्रिल

हैदराबादेहून पत्र. दोघांनाही वजीफा! प्रोफेसर लिहितात की, मृत बालकांचा असा माग पूर्वी त्यांच्या पाहण्यात आलेला नाही, आणि 'आपण या तरुणांना दिलेला आधार' वगैरे. तो 'वगैरे' मी अकरा वेळा वाचला. साप्ताहिकाला बातमी पाठवली. त्यात 'अनेक' हा शब्द कुठेही नाही. संपादकांनी काटछाट केली तर मी सोलापूरला स्वतः जाईन.

संध्याकाळी काजळवाडीचा उत्तरेश्वर, विठाबाईचा नवरा, सोनारीच्या जत्रेहून परतताना आला होता. प्रसाद दिला. मी मोठ्या उत्साहात पत्र दाखवलं. तो म्हणाला, "पंत, सरकारात आता पक्कं लिवलंय ना, कोंडिबा आमचाय म्हनून?"

"पक्कं."

"मंग बरं. दोगा-तिगांनी कोंडा परत केला खातूनबीचा. आमीबी करावं म्हन्तो. कागद हाय तवा इकायचं काय कारन?"

"विठाबाई काय म्हणते?"

"ती रडती. बायकाच त्या."

मी विषय बदलला. दिवस आनंदाचा होता.

सोमवार, ९ जून

ढोकीच्या स्टेशनवर दोघांना सोडून आलो. इथून कुर्डुवाडी, पुढे वाडी जंक्शनवरून हैदराबाद. जगदेवीबरोबर तिची आई शरणम्मा जाते आहे, चुलीसकट. शरणम्मा म्हणाल्या, "पंत, माज्या पोरीला मान्सं मोजायचं येड तुमी लावलाव. तिचं लगीन आता कोन मोजायचं?" जगदेवी म्हणाली, "अव्वा, गाडी सुटंल." जाफर पुरुषांच्या डब्यातून डोकं बाहेर काढून शेवटपर्यंत काहीतरी गणित ओरडून सांगत होता. मला ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.

लक्ष्मीबाईंनी जगदेवीला पदराखालून एक वही दिली. पुढच्या गावांसाठी, म्हणाल्या. पहिली ओळ आधीच लिहिलेली होती. या खेपेस नावासकट. मी पाहिलं. परत येताना गाडीत आम्ही आमच्या गेलेल्या तीन लेकरांची नावं घेतली, एकेक करून. तिसऱ्याचं नाव मला लक्ष्मीबाईंनी सांगितलं.

येताना वाटेत काजळवाडी. खातूनबी ओट्यावर एकटी होती. समोरून कोंडिबा चालला होता. मी हाक मारून थट्टेने विचारलं, "काय रे, आईला भेटलास का?" तो थांबला. तिच्याकडे बघितलं, आपल्या घराकडे बघितलं आणि म्हणाला, "बा म्हन्तो, ती माजी आई न्हाय. ती मुसलमान हाय."

पाच वर्षांचं पोर. हा शब्द त्याने गेल्या मोहरमला वापरला नसता. खातूनबीने ऐकलं. ती काकणं पुसत राहिली.

आता घरी येऊन हे लिहितो आहे. माझी दोन्ही मुलं हुशार निघाली, याचा मला फार अभिमान आहे. त्यांनी मोजलेलं बरोबर आहे, आणि ते मोजायलाच हवं होतं. बावन्न लेकरं कुणाच्याही हिशेबात नव्हती, ती आता आहेत. यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

पण काजळवाडीत कुठलं लेकरू कुणाचं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं, आणि उत्तर लाल शाईने पक्कं करून दिलं. "कागदापुरतं आहे" असं मी त्या बाईला सांगितलं. मला ते तेव्हा खरं वाटत होतं. आता वाटत नाही. आणि उद्या गावात कुणी हाच प्रश्न हातात काठी घेऊन विचारला, तर ही चोवीस लेकरं आणि त्यांच्या दोन-दोन आया काय उत्तर देतील, याची मला भीती वाटते.

विनोद सुचत नाही. भीती वाटते, एवढंच.